सुतार आला नाही

चित्रं जमिनीवर पसरायची कल्पना नणंदेची. टेबलावर मावेनात, म्हणून तिनं खुर्च्या भिंतीला सारल्या, चपला काढल्या आणि मुलांचे कागद एकेक करून फरशीवर मांडायला घेतले. कार्टूनच्या सिनेमाचा चाचणीचा खेळ नुकताच संपला होता. आसपासच्या शाळांतली पाच-सहा वर्षांची मुलं आली होती, सिनेमा बघून झाल्यावर 'काय आवडलं ते काढा' म्हटलं तशी रंगखडूंनी कागद आणि बोटं माखून, खाऊचे पुडे घेऊन घरी गेली होती. सिनेमा अजून पुरा झालेला नव्हता. कुठे रंग भरायचे राहिले होते, कुठे नुसत्या रेघाच हलत होत्या. पण मुलांचं त्यावाचून काही अडलं नाही.

नणंद सिनेमाची दिग्दर्शिका, आणि हाताखाली तिची सख्खी भावजय. नणंद-भावजय एका छपराखाली काम करतात म्हटल्यावर लोक गालातल्या गालात हसत, आणि आठवड्याभरात भांडण होईल अशी वाट बघत. तसं काही झालं नाही. भावजयीला स्टुडिओत सगळे रेघ म्हणत. अंगानं काडीसारखी, आणि काम रेघा ओढायचं. नाव कुणी पाडलं हे कुणाला आठवत नव्हतं, पण चिकटलं ते चिकटलंच. सिनेमातला प्रत्येक प्रसंग आधी कच्च्या चौकटींत मांडायचा, कोण कुठे उभं, कुणाची नजर कुठे हे ठरवायचं, म्हणजे पुढच्यांनी त्यावर सोन्याचा मुलामा चढवायचा, असं तिचं काम. आई रेघ म्हटल्यावर तिची पहिलीतली मुलगी ओघानंच टिंब झाली. शाळा सुटली की टिंब स्टुडिओतच यायची. पूर्वी तिथे बिस्किटांचा कारखाना होता, आणि हवा दमट असली की भिंतींना अजूनही भाजक्या साखरेचा वास यायचा.

"झोळीवाला जिंकला," नणंद कमरेवर हात ठेवून म्हणाली.

झोळीवाला म्हणजे सिनेमातला बडबड्या पाणकोळी पक्षी, चोचीखालच्या पिशवीत जगभराचं सामान कोंबून ठेवणारा. ज्या कादंबरीवरून सिनेमा घेतला होता तिच्यात तो औषधालाही नव्हता. नणंदेनंच त्याला जन्माला घातलं होतं, त्यामुळे ती खूश होती.

रेघ मात्र खाली वाकून एका कागदाकडे बघत होती. कागदावर बोट होती, लाटा होत्या, पिवळा रुमाल बांधलेली कप्तानाची मुलगी होती. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, वाळूवर, एक माणूस उभा होता. लांब हात, एक खांदा उतरलेला, पाठ आपल्याकडे. कानावर एक छोटी तिरकी रेघ.

"ताई, हा कोण?"

"बाबा असेल त्या मुलाचा. मुलं बाबाला कुठेही घुसडतात."

"आणि हा?" रेघेनं शेजारचा कागद दाखवला. तिथेही तोच कोपरा, तोच माणूस, तोच उतरलेला खांदा. मग दोघी कागदांमधून अनवाणी फिरत राहिल्या. निम्म्याहून जास्त कागदांवर तो होता. कुणी काळा काढलेला, कुणी तपकिरी, एकीनं तर जांभळा. पण सगळ्यांत पाठमोरा, आणि सगळ्यांत कानावर ती रेघ.

"एकानं काढलं की दुसरा बघून काढतो," नणंद म्हणाली. "वर्गात असंच चालतं."

"चित्रं काढायला मुलांना दोन खोल्यांत बसवलं होतं, ताई."

नणंदेनं कागद गोळा करायला सुरुवात केली, आणि मांडताना जी हौस होती ती गोळा करताना दिसली नाही. तो माणूस कोण हे रेघेनं ओळखलं होतं. नणंदेनंही ओळखलं असावं असं तिला वाटलं. पण दोघींनी तो विषय तिथेच सोडला.

कादंबरी जुनी होती, शंभर वर्षांहून जुनी, आणि पूर्वी घरोघरी वाचली जाणारी. एक गलबत वादळात एका निर्जन बेटावर जाऊन फुटतं. कप्तान, त्याची माणसं आणि एक पोरगेला खलाशी तिथे अडकतात. गलबतावर एक सुतार असतो. अबोल, कानावर पेन्सिल खोचलेला, एक खांदा कायमचा उतरलेला. तो फुटक्या गलबताच्या फळ्यांतून नवी बोट बांधतो, जवळजवळ एकट्यानं. निघायच्या दिवशी वल्ह्यासाठी चांगलं लाकूड आणतो म्हणून तो रानात जातो आणि धुकं उतरतं. कप्तान थोडा वेळ वाट बघतो. मग पुस्तकात दोन छोटी वाक्यं येतात: 'सुतार आला नाही. ओहोटी कुणासाठी थांबत नसते.' बोट सुटते. पुढे खजिना, लढाया, घरी परतणं, सगळं यथासांग होतं, पण सुताराचं नाव पुन्हा कुणी काढत नाही. बेटाकडे कुणी वळूनसुद्धा बघत नाही.

आता हे पोराबाळांच्या सिनेमात कसं चालणार? कथेचा नुसता सांगाडा घेतला होता. पोरगेल्या खलाशाच्या जागी कप्तानाची मुलगी आली, मारामाऱ्या गेल्या, झोळीवाला आला. बोट सगळ्यांनी मिळून, गाणं म्हणत बांधली. सुताराला काढून टाकायचं नणंदेनं पहिल्याच बैठकीत ठरवलं होतं, आणि रेघेनं त्याच्याशिवाय चौकटी आखल्या होत्या. काम सोपं झालं होतं. ज्याला सोडून जायचं नाही तो मुळात आलाच नाही, तर प्रश्नच मिटला.

दुसऱ्या दिवशी रेघेनं एडिटरला शेवटचा प्रसंग चौकट चौकट थांबवून दाखवायला सांगितलं. एडिटर पिकल्या केसांचा, सबुरीचा माणूस होता. सगळे त्याला काका म्हणत. बोट दूर जात होती. समोर रिकामी वाळू, वर मोकळं आभाळ. दोघांनी डोळे फाडून बघितलं. डाव्या कोपऱ्यात काही नव्हतं, सावलीसुद्धा नाही.

"एक विचारू?" काका म्हणाला. "ही चौकट किनाऱ्यावरून का आखलीस? आपली माणसं तर बोटीत आहेत. किनाऱ्यावर बघायला आहे कोण?"

रेघ पडद्याकडे वाकली. खरंच, कोण होतं तिथे? तिनं ती चौकट एका बैठकीत काढली होती, खाडाखोड न करता, आणि नणंदेनं लगेच पसंत केली होती. किनाऱ्यावर कुणीतरी उभं राहून बोटीकडे बघतंय, अशीच ती चौकट होती. फक्त तो कुणीतरी काढायचा राहिला होता.

त्या संध्याकाळी जेवताना टिंबनं विचारलं, "आई, त्या माणसाला तुम्ही नाव का नाही दिलं?"

"कुठल्या माणसाला?"

"वाळूतल्या."

रेघेचा हात ताटातच राहिला. टिंबनंही बाकीच्या मुलांबरोबर खेळ बघितला होता, पण चित्र मात्र झोळीवाल्याचं काढलं होतं. म्हणून रेघ निर्धास्त होती.

"तो काय करतो?" रेघेनं शक्य तितक्या सहज विचारलं.

"बोट बघतो. ती जाते ना. तो म्हणतो थांबा, मी आलो. पण त्यांना ऐकू येत नाही."

"तिथे तर गाणं चालू असतं, टिंबू."

"गाण्याच्या मागे," टिंब म्हणाली आणि घास तोंडात टाकला.

रेघेचा नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून आल्यावर घरी त्याला कुठल्याच गूढात डोकावायची इच्छा नसे. "ताईनं लहानपणी मला असल्या गोष्टी सांगून सांगून घाबरवलं, आता भाचीचा नंबर दिसतोय," तो हसून म्हणाला. "टिंबू, दात घासल्याशिवाय झोपणाऱ्यांच्या स्वप्नात येतो तो. विचार हवं तर."

"तो झोपेत येत नाही," टिंब म्हणाली. तिला बाबाचा विनोद विनोद वाटला नाही.

गोष्ट तिथेच थांबती, तर रेघेनं मुलांच्या खुळात काढून टाकली असती. पण त्याच आठवड्यात एका दुपारी नणंदेनं छोट्या थिएटरमध्ये शेवटची दोन रिळं लावली. रीळ म्हणायची सवय, बाकी सगळं कॉम्प्युटरमध्येच. थिएटर म्हणजे पूर्वीची पीठ साठवायची खोली; चार रांगा खुर्च्या आणि भिंतीपासून हातभर अंतरावर ताणलेला पडदा. नणंद, काका, रेघ आणि शाळेतून नुकतीच आलेली टिंब, एवढीच माणसं. टिंब पहिल्या रांगेत पाय हलवत बसली होती. सिनेमा संपला, दिवे लागले, तेव्हा खुर्ची रिकामी होती.

दार आतून बंदच होतं. दाराची कडी जुनी, उघडताना करकरायची, आणि ती करकरली नव्हती. रेघेनं खुर्च्यांखाली बघितलं, नणंदेनं हाका मारल्या. उत्तर नाही. मग काकानं बोट ओठांवर ठेवलं, आणि तिघांनाही ऐकू आलं. पडद्याच्या मागून टिंबचं बोलणं येत होतं. हळू, समजुतीच्या सुरात, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला रस्ता सांगावा तसं.

रेघ पडद्याच्या कडेनं आत शिरली. आत अंधुक होतं. स्पीकर, वायरी आणि ओलसर भिंत. पडद्याला आवाजासाठी बारीक भोकं असतात. त्यांतून येणाऱ्या उजेडाचे ठिपके टिंबच्या फ्रॉकवर पडले होते. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती, मान वर करून, जसं आपल्यापेक्षा उंच माणसाशी बोलताना करतात.

"कुणाशी बोलतेस?"

"त्याला बोट कुठून सुटते ते सापडत नाहीये," टिंब म्हणाली. "धुकं आहे ना. मी सांगत होते. तो म्हणाला, मदतीला कुणीतरी असतं तर बरं झालं असतं."

"मदतीला म्हणजे?"

"लाकडं उचलायला. मी म्हटलं, मी येते, पण आईला विचारून."

रेघेनं तिला उचललं. सात वर्षांच्या मुलीला उचलायची सवय सुटली होती, तरी उचललं आणि दारापर्यंत खाली ठेवलं नाही. भिंतीला नेहमीचा साखरेचा वास नव्हता. खारट, कुजक्या दोरासारखा काहीतरी होता. बाहेर उजेडात टिंबचे बूट काढले तर मोज्यांतून वाळू सांडली.

"शाळेच्या मैदानात वाळू असतेच की," नवरा रात्री म्हणाला. असतेच. रेघेनंही स्वतःला तेच सांगितलं होतं. पण शाळेतली वाळू लाल होती, आणि ही पांढरी.

तिनं टिंबला स्टुडिओत आणणं बंद केलं. शाळा सुटली की शेजारच्या बाईंकडे जायचं ठरलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नणंदेला गाठलं.

"ताई, सुताराला परत घेऊ या."

आपल्याला वेड्यात काढतील, अशी तिची तयारी होती. नणंदेनं चहाचा कप खाली ठेवला.

"मी नऊ वर्षांची असताना ती कादंबरी वाचली," ती म्हणाली. "मग कितीतरी दिवस मला झोप लागेना. तुझ्या नवऱ्याला मी उठवायची आणि विचारायची, सुतार आता काय करत असेल रे? तो बिचारा पाच वर्षांचा, त्याला काय ठाऊक. तो रडायचा, मग आई मला रागवायची. अगं, मी त्याला विसरून काढलं नाही. आठवणीनं काढलं. म्हटलं, दुसऱ्या कुठल्या पोराला ते नको."

"पण तो गेला नाही ना, ताई."

"हो. तेच दिसतंय."

ठरलं, की सुताराला सिनेमात घ्यायचं आणि बेटावरून सोडवायचं. बोट सुटताना तो धावत येतो, झोळीवाला त्याला चोचीनं ओढून वर घेतो, सगळे हसतात. रेघेनं चौकटी आखल्या. वितरकांना दाखवायला गोड हवं, म्हणून त्याचे गाल गुबगुबीत झाले, खांदा सरळ झाला, हसताना पुढचा एक दात पडलेला दिसू लागला. रेघेला ते फारसं रुचलं नाही, पण तिला घाई होती. माणूस बोटीत बसला की झालं, असं तिला वाटत होतं. बिचारा एकदाचा घरी गेला, म्हणजे तिच्या घरातून जाईल.

पुन्हा चाचणीचा खेळ झाला. नवी मुलं आणली होती, पहिल्या खेळातलं एकही नाही. रेघ भिंतीला टेकून मुलांचे चेहरे बघत उभी राहिली. गुबगुबीत सुतार बोटीत चढला तेव्हा मोठी माणसं हसली. मुलं हसली नाहीत. त्यांच्या माना बोटीकडे नव्हत्याच. सगळ्या माना डावीकडे, पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे वळलेल्या होत्या, वाऱ्यानं गवत एका बाजूला कलतं तशा. एक मुलगी उठून मागच्या रांगेत जाऊन बसली. कुणी रडलं नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

चित्रं काढून झाल्यावर ती पसरायची कुणाला गरज वाटली नाही. वरचा एक कागद पुरेसा होता. बोट भरलेली, झोळीवाला, कप्तानाची मुलगी, गुबगुबीत माणूसही बोटीत. आणि वाळूवर तो. तसाच. फक्त आता तो पाठमोरा नव्हता. त्यानं बोटीचा नाद सोडून आपल्याकडे तोंड केलं होतं.

नणंद खुर्चीत बसली ती उठेना. "आगीतून फुफाट्यात," एवढंच म्हणाली.

रेघ घरी आली. टिंब शेजारच्या बाईंच्या स्वयंपाकघरात ठोकळे रचत होती. तिला इतके दिवस रेघेनं त्या माणसाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. नाव काढलं नाही तर मूल विसरतं, असं मोठ्यांना वाटतं. आज ती तिच्याशेजारी फरशीवर बसली.

"टिंबू, आम्ही त्याला बोटीत बसवला."

"माहितेय."

"तुला कुणी सांगितलं?"

टिंबनं खांदे उडवले. "बोटीत बसला तो वेगळाच आहे. तुम्ही त्याला हसरा केला. तो कधी हसतो का?" मग ठोकळा ठेवता ठेवता ती म्हणाली, "तो म्हणाला, तू येते म्हणतेस पण आई सोडणार नाही. त्याचं बरोबर आहे ना?"

"अगदी बरोबर आहे," रेघ म्हणाली. "त्याला म्हणावं, आईनं साफ नाही म्हटलंय. पण त्याला नक्की हवंय तरी काय? बोटीत बसायचंय?"

टिंबनं विचार केला. लहान मुलं खरंच विचार करतात तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडत नाही, चेहरा उलट मोकळा होतो. "आता बोट लांब गेली," ती म्हणाली. "आता कसा बसणार? पण बोट त्यानं बांधली ना, आई. आणि कुणी बघितलंच नाही त्याच्याकडे. तुम्ही पण नाही बघितलं. तो राहिला, हे कुणाला माहीतच नाही."

रेघ तशीच उठली. टिंबला कडेवर घेतलं नाही, पण हात धरून सोबत स्टुडिओत नेलं. आपल्या टेबलाशेजारी बसवलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिनं गुबगुबीत सुताराच्या सगळ्या चौकटी बाजूला काढल्या आणि कोऱ्या पानावर पुन्हा सुरुवात केली. खांदा उतरवला. गाल खरवडले. सगळ्यांनी मिळून बोट बांधायचं गाणं तिनं तसंच ठेवलं, पण सगळे थकून झोपल्यावरही एक माणूस फळ्या ठोकत राहतो, एवढं त्यात घातलं. धुकं घातलं. ओहोटी घातली. शेवटची चौकट किनाऱ्यावरून उचलून तिनं बोटीवर नेली. कप्तानाची मुलगी मागे वळते. धुकं क्षणभर विरतं आणि तिला तो दिसतो, वाळूवर, खांद्यावर लाकूड घेऊन उभा. ती बापाला ओरडून सांगते. बाप वळतो, त्यालाही दिसतो, पण पाणी बोटीला ओढून नेतं. मुलगी रुमाल सोडून हात वर करते आणि तो दिसेनासा होईपर्यंत खाली घेत नाही.

"त्याचे डोळे कसे आहेत?" रेघेनं विचारलं.

"आपल्या काकासारखे," टिंब म्हणाली. "दमलेले. पण रागीट नाहीत."

वितरकांचा माणूस चौकटी बघून हादरला. "अहो बाई, घरच्यांनी मिळून बघायचा सिनेमा आहे. पोरं रडत बाहेर पडतील. तिकिटं कोण काढणार?"

रेघ काही बोलणार तोच नणंद पुढे झाली. "रडू देत की," ती म्हणाली. "आपल्या माणसाला सोडून जावं लागलं तर रडायचंच असतं. न रडता गेलो तेच वाईट. बोट बाकी सगळ्यांना घेऊन घराकडेच निघते, ते तुमचं गोड आहेच. पण हेही राहील. नाहीतर दुसरी दिग्दर्शिका बघा."

वितरकांनी बरीच कुरकुर केली. दुसरी दिग्दर्शिका मात्र बघितली नाही.

तिसऱ्या खेळाला रेघेला बसवेना. ती थिएटरच्या दाराशी उभी राहिली. टिंब पहिल्या रांगेत, आत्याच्या मांडीवर. रेघेनं एवढीच अट घातली होती, की आत्यानं तिला घट्ट धरून ठेवायचं. शेवटच्या प्रसंगाला धुकं आलं तसं खोलीतलं चुळबुळणं थांबलं. कप्तानाची मुलगी मागे वळली. सुतार दिसला. मुलीनं हात वर केला, आणि समोर बसलेल्या मुलांपैकी दोघा-तिघांनी, मग आणखी काहींनी, कुणी न सांगता आपापले हात वर केले. काही मुलं रडत होती, अगदी आवाज न करता. कुणी कोपऱ्याकडे बघत नव्हतं.

रेघेनं त्या चौकटीत सुताराला धुकं मिटेपर्यंत स्तब्ध उभं ठेवलं होतं. तो हलत नव्हता, हलवायचा नव्हताच. तरीही मध्येच एक मुलगा शेजारच्याला म्हणाला, "गेला बघ." शेजारच्यानं मान हलवली. सगळ्यांचे हात सावकाश खाली आले, एकाच वेळी, निरोप देऊन झाल्यावर येतात तसे.

"कुठे गेला?" नणंदेनं टिंबच्या कानाशी विचारलं.

"आत. रानात." टिंब आत्याच्या मांडीवरून उतरली. "त्याला तिथे घर बांधायचंय. लाकूड घेऊनच आलाय ना तो. आत्या, तू का रडतेस?"

नणंदेनं पदरानं डोळे पुसले आणि सर्दी झाल्याचं सांगितलं. मग ती चित्रं काढणाऱ्या मुलांमध्ये जमिनीवर जाऊन बसली. या वेळी कागदांवर सुतार जागच्या जागी होता, सिनेमात होता तसाच. पाठमोरा नाही आणि आपल्याकडे तोंड करूनही नाही. त्याची नजर बोटीतल्या मुलीकडे होती.

टिंबनं त्यानंतर त्याचं नाव काढलं नाही. मोज्यांत वाळू सापडली नाही. पडद्यामागच्या भिंतीला पुन्हा साखरेचा वास आला. रेघेला पुन्हा झोप लागू लागली, आणि नवऱ्यानं बायकोच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेल्याचं श्रेय आपल्या धीराच्या बोलण्याला घेतलं. तिनं घेऊ दिलं.

सगळं आवरत आलं असताना, आवाजाची शेवटची जुळणी चालू होती तेव्हा काकानं दोघींना बोलावून घेतलं. शेवटी नावं सरकतात त्यांच्याखाली नुसती लाटांची गाज ठेवायची होती. "हे ऐका," तो म्हणाला.

गाज ऐकू आली. आणि तिच्या मागे, खूप लांबून, ठोक. थोडं थांबून, ठोक ठोक. लाकडावर हातोडा पडल्याचा आवाज.

"कुणी टाकला?"

"कुणीच नाही. दोनदा पुसला, पुन्हा येतोय. गाज नवी लावून बघितली, तरी आहेच." काकानं चष्मा काढला. "घाई नाहीये हो त्याच्या हातात. सावकाश ठोकतोय."

रेघेच्या अंगावर काटा आला. पण तो पडद्यामागे आला होता तसला नव्हता. तिनं नणंदेकडे बघितलं. नणंद डोळे मिटून ऐकत होती.

"राहू दे," नणंद म्हणाली. "काम करणाऱ्या माणसाला हटकू नये."

सिनेमा लागला आणि बरा चालला. कुणी झोळीवाल्याचं कौतुक केलं, कुणी शेवट फार दुःखी आहे म्हणून लिहिलं. रेघ एका रविवारी टिंबला आणि नवऱ्याला घेऊन, तिकिटं काढून, साध्या प्रेक्षकांसारखी बघायला गेली. नावं सुरू झाली तसे मोठे उठले, पिशव्या शोधू लागले, जिन्याकडे निघाले. मुलं उठली नाहीत. आया हात धरून ओढत होत्या, बाप घड्याळ दाखवत होते, आणि रांगांमधून ठिकठिकाणी मुलं मान किंचित कलती करून, पडद्याकडे न बघता, ऐकत बसली होती.

"चल ग," नवरा म्हणाला. "संपलं की."

"थांब जरा, बाबा," टिंब म्हणाली. "छप्पर राहिलंय अजून."

रेघ पुन्हा खुर्चीत बसली.